वसंतातला बर्फ

आम्ही पनवेलकर पावसातली माणसे. वळीव, भुरभुर, रिपरिप, झड, मुसळधार... आभाळातल्या पाण्याला आमच्या भाषेत इतकी नावे, की वर्गात सांगू लागलो तर फळा पुरत नाही. बर्फाला मात्र 'हिम' कवितेपुरते आणि 'बर्फ' उसाच्या रसापुरता! त्यामुळे एप्रिलच्या सुटीत सहकुटुंब गुलमर्गला निघालो, तेव्हा बर्फ पांढरा असतो आणि गार असतो, एवढेच माझे ज्ञान होते.

गुलमर्ग सुमारे ८,७०० फुटांवर. तिथल्या माळावर चिखल आणि पिवळे गवत पाहून चिरंजीवांचा चेहरा उतरला. "बाबा, बर्फ कुठाय?" बर्फ वर होता. गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यावर तो भेटला, आणि स्कीइंग शिकवणाऱ्या एका स्थानिक पोराने आमची शिकवणीच घेतली. निरभ्र रात्री जमिनीची ऊब निघून जाते. दिवसा वितळलेले पाणी गोठते. म्हणून सकाळी बर्फ काचेसारखा कडक. ऊन चढले, की वरचा थर भरड साखरेसारखा दाणेदार होतो. स्कीवाल्यांची हीच सुगी. दुपारी नुसता लगदा! सौ.चा पाय गुडघ्यापर्यंत रुतला, तो काढताना बूट आतच राहिला. आणि रात्री ढग राहिले, तर गोठणे नाहीच, सकाळपासूनच लगदा.

तिसऱ्या दिवसाआधीच्या रात्री पश्चिमी झंझावात आला आणि वीतभर नवा बर्फ पडला. सकाळी लख्ख ऊन. अफरवटच्या दुसऱ्या टप्प्याची, सुमारे १३,००० फुटांवरची तिकिटे आधीच काढलेली. पोरगा म्हणाला, "आज नहीं, साब." जुन्या कडक थरावर नवा बर्फ अजून धरलेला नाही, उन्हाने तो सुटेल, म्हणे. मी आभाळाकडे बोट दाखवून वाद घातला. एवढ्या स्वच्छ हवेत कसली भीती? त्याने शांतपणे सांगितले, की २०२४ च्या फेब्रुवारीत इथेच हिमस्खलनात एक परदेशी स्कीपटू गेला.

मी गप्प झालो, पण पटले म्हणून नव्हे. खारघरच्या पांडवकड्याखाली ओढ्यात उतरू पाहणाऱ्या मुंबईकर पोरांना मीही असाच सांगतो, की इथे ऊन असले तरी वर पाऊस झालाय, लोंढा येईल. ती पोरे माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात, तीच नजर आज माझी होती!

त्या दिवशी वर काहीही कोसळले नाही. तिकिटांचे पैसे गेले ते गेलेच. चिरंजीव जेवेपर्यंत बोलले नाहीत.

संध्याकाळी चहा पिताना पोरगा आपली काळजी सांगत होता. २०२४ च्या जानेवारीत निम्मा महिना माळ उघडाच होता. २०२५ मध्ये बर्फाअभावी हिवाळी क्रीडास्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या. बर्फ नाही, तर धंदा नाही. त्याच्या भाषेत बर्फाला 'शीन' म्हणतात. चिरंजीवांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि विचारले, "आणि दुपारच्या लगद्याला काय म्हणता?"

पोरगा हसला आणि सौ.च्या ओल्या बुटाकडे पाहू लागला.