पडद्यावरील देवनागरी : शैलीबद्ध उपशीर्षकांची मांडणी व तिचे दोष

चित्रपटाच्या तळाशी उमटणाऱ्या ओळींकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा उपेक्षेची असते. परभाषेतील संवाद कळावेत एवढ्यापुरत्या त्या असतात, संवाद कळला की त्यांचे काम संपले, असे आपण धरून चालतो. शिक्षकाला मात्र असे मानून चालणार नाही. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक साधी कल्पना मांडली : जे गीत ज्या भाषेत गायिले जाते त्याच भाषेत त्याचे शब्द पडद्यावर दाखवावेत, आणि शब्द गायिला जात असतानाच त्याचा रंग पालटावा. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवरील ‘चित्रगीत’ या गुजराती कार्यक्रमात ती प्रत्यक्षात उतरली. ऐकू येणारा शब्द आणि दिसणारा शब्द एकाच क्षणी भेटला की वाचन न कळत घडते, हे तिचे मर्म होय. आमच्या सुर्ल्याच्या परिसरात घरी कोकणी बोलणारे आणि शाळेत मराठी वाचणारे मूल ही नेहमीची गोष्ट आहे. अशा मुलापुढे ‘संत तुकाराम’ (१९३६) चित्रपटातील एखादा अभंग अशा ओळींसह ठेवला, तर तो वाचनाचा उत्तम पाठ ठरतो. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने त्याचा लाभही दुहेरी होतो.

परंतु येथेच एक अडचण उभी राहते. घरच्या संगणकावर सुबक दिसणाऱ्या ओळी शाळेतील दूरदर्शन संचावर विस्कटतात, मोबाइलवर दिसतच नाहीत, तर प्रोजेक्टरला जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर अक्षरांऐवजी चौकटी उमटतात. असे झाले की फाइल बिघडली असे समजून ती टाकून देण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी फाइल निर्दोष असते. दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी फाइल म्हणजे काय आणि पडद्यावर तिचे काय होते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

उपशीर्षकांची फाइल हे चित्र नव्हे. ती जुळाऱ्याला दिलेली हस्तलिखित प्रत आहे. कोणता मजकूर, कोणत्या क्षणी, कोणत्या टंकात आणि कोणत्या रंगात, एवढे तीत लिहिलेले असते. खिळे जुळवण्याचे काम प्रत्येक यंत्र आपापल्या परीने, आपल्या पेटीत असतील त्या खिळ्यांनी करते. पेटीत खिळेच नसतील तर काय होते, याचे उदाहरण आम्हां गोमंतकीयांच्या घरातच आहे. हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. पण फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी आणि अक्षरे परकी, असे त्या ग्रंथाचे रूप झाले. आजच्या यंत्रांतही पुष्कळदा हेच घडते. फरक इतकाच की आज खिळे विनामूल्य मिळतात, आणि ते सोबत पाठवण्याची सोयही आहे.

उपशीर्षकांच्या फाइलींचे दोन प्रकार मुख्यतः प्रचारात आहेत. एसआरटी हा साधा प्रकार : क्रमांक, आरंभ व अंताची वेळ आणि मजकूर. शैलीबद्ध प्रकार तो एएसएस. त्याचे तीन खंड असतात. पहिल्यात फाइलीची सर्वसाधारण माहिती, दुसऱ्यात शैलींची नावे व त्यांचे टंक, आकार, रंग, आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष संवाद. संवादाच्या प्रत्येक ओळीत दहा रकाने स्वल्पविरामांनी विभागलेले असतात. शेवटचा रकाना मजकुराचा असल्यामुळे त्यातील स्वल्पविराम निर्धोक असतात. मात्र आधीचा एखादा गळला तर मजकुराचा आरंभच खाल्ला जातो. फाइल नोटपॅडमध्ये उघडून हे सर्व डोळ्यांनी पाहता येते, आणि प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी ते पाहावे असे आम्हांस वाटते.

आता दोषांची चिकित्सा करू. वैद्य जसा लक्षणांवरून रोग ओळखतो, तसा पडद्यावरील विकृतीवरून दोष ओळखता येतो. प्रमुख लक्षणे पाच आहेत.

पहिले लक्षण : मराठीऐवजी स्वराघाताच्या खुणा असलेली लॅटिन अक्षरे आणि चलनाची चिन्हे. येथे बारकाईने पाहावे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते, आणि त्यांतील पहिला बाइट नेहमी तोच असतो. म्हणून तीन-तीन चिन्हांचे घोळके दिसत असतील आणि प्रत्येकाचा आरंभ एकाच चिन्हाने होत असेल, तर फाइल शाबूत आहे. यंत्र ती चुकीच्या संकेताने वाचत आहे, इतकेच. प्लेअरच्या मांडणीत उपशीर्षकांची संकेतपद्धती यूटीएफ-८ केली की काम होते.

दुसरे लक्षण : सर्वत्र प्रश्नचिन्हे. हा मात्र असाध्य रोग होय. कोणीतरी ती फाइल ‘एएनएसआय’ पर्यायाने साठवली आणि ज्या अक्षरांना त्या संकेतात जागा नव्हती ती कायमची पुसली गेली. मूळ प्रत पुन्हा मिळवणे हाच उपाय. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून नोटपॅड आपण होऊन यूटीएफ-८ मध्ये साठवते; त्याहून जुन्या संगणकांवर हा पर्याय दर वेळी स्वतः निवडावा लागतो.

तिसरे लक्षण : घोळक्यांचा नियम न पाळणारी, अर्थशून्य रोमन अक्षरे. मजकूर शिवाजी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला असावा. अशा टंकांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकृती बसवलेल्या असतात. टंक काढला की मुखवटा गळून पडतो. रूपांतरक साधनाने तो युनिकोडमध्ये आणता येतो. पण त्यानंतर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ अशा शब्दांचे मुद्रितशोधन केल्यावाचून तो मुलांपुढे ठेवू नये. रूपांतरात बहुधा हेच शब्द बळी पडतात.

चौथे लक्षण : रिकाम्या चौकटी. संकेत बरोबर आहे, परंतु यंत्राजवळ ते खिळे नाहीत. सर्व मजकुराच्या चौकटी झाल्या असतील तर देवनागरी टंकच नाही. केवळ ‘ॲ’च्या जागी चौकट असेल तर टंक जुना आहे, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले.

पाचवे लक्षण आमच्या मते सर्वांत घातक. अक्षरे दिसतात, ओळखूही येतात. पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे पडते, जोडाक्षरे फुटून हलन्त दिसू लागतात, मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. यंत्राजवळ खिळे आहेत, परंतु जुळाऱ्याला बाराखडी ठाऊक नाही. देवनागरीत उच्चाराचा क्रम आणि लेखनाचा क्रम एक नसतो. ‘कि’ मध्ये ‘क’ आधी उच्चारला जातो, वेलांटी मात्र त्याच्या आधी काढली जाते. ही पुनर्रचना करणारी यंत्रणा ज्या प्लेअरात नाही, किंवा असून बंद ठेवली आहे, तेथे असे घडते. एमपीव्हीसारख्या काही प्लेअरांत ‘सिंपल’ व ‘कॉम्प्लेक्स’ असे दोन पर्याय असतात. देवनागरीस दुसराच हवा. ज्या संचात ही सोयच नाही, त्यावर वाचनपाठ घेऊ नये. प्रौढ वाचक फुटलेले अक्षर मनात जुळवून घेतो, परंतु अक्षरओळख होत असलेले मूल ते तसेच स्वीकारते.

हेच लक्षण चांगल्या यंत्रावरही कधी आढळते, आणि तेव्हा दोष लेखकाचा असतो. गीताचा रंग शब्दागणिक पालटण्यासाठी एएसएस फाइलीत महिरपी कंसात काळाची खूण घालतात. तेथील पन्नास म्हणजे अर्धा सेकंद. रोमन लिपीत ही खूण कोणत्याही दोन अक्षरांमध्ये चालते. मराठीत ती व्यंजन आणि त्याची मात्रा यांच्यामध्ये पडली की अक्षर दुभंगते. ‘विद्यार्थी’ हा शब्द तोडायचाच असेल तर वि, द्या, र्थी असाच तोडावा. शब्दाच्या आरंभीच खूण घालणे सर्वांत सुरक्षित. अक्षरांमधील अंतराचा रकाना शून्यावर ठेवावा, नाहीतर शिरोरेषा तुटते. कडेची जाडी बेताची असावी, नाहीतर ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची पोटे बुजतात.

शैलीतील आणखी दोन घोटाळे सांगून पुढे जाऊ. संकेतस्थळांवर रंग लिहिताना लाल, हिरवा, निळा हा क्रम असतो. एएसएसमध्ये तो निळा, हिरवा, लाल असा उलटा आहे. त्यामुळे तेथून उचललेला लाल येथे निळा होतो. दुसरा घोटाळा आकाराचा. पहिल्या खंडात पडद्याची कल्पित रुंदी व उंची नोंदवावी लागते. उंची ७२० धरली असता ४८ आकाराचे अक्षर पडद्याचा पंधरावा भाग व्यापते. या नोंदी गळल्या तर प्लेअर सामान्यतः उंची २८८ धरतो आणि तेच अक्षर सहावा भाग व्यापून बसते. अक्षरे अचानक अवाढव्य झाली की प्रथम या दोन नोंदी तपासाव्यात.

यंत्रांविषयी थोडक्यात असे सांगता येईल. संगणकावर व्हीएलसी व एमपीव्ही हे विनामूल्य प्लेअर एएसएस शैली बहुतांशी यथार्थ दाखवतात. मोबाइलवर सोबतच्या गॅलरीऐवजी व्हीएलसी वापरावा. दूरदर्शन संच पेनड्राइव्हवरील एसआरटी बहुधा वाचतात. एएसएस वाचली तरी शैली टाकून देतात. चित्रफीत आणि उपशीर्षके यांची नावे एकच, व जागा एकाच फोल्डरमध्ये असावी. ओळी मुळीच न दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच. ब्राउझरला वेबव्हीटीटी हा निराळाच प्रकार लागतो.

ओळी मागेपुढे होत असतील तर आरंभीचे आणि अखेरचे अंतर ताडून पाहावे. ते सारखेच असेल तर संगणकावरील व्हीएलसीत ‘जी’ व ‘एच’ या कळांनी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या पावलांनी ओळी सरकवता येतात. अंतर वाढत जात असेल तर चित्रपटाच्या दोन प्रतींचा वेग भिन्न आहे. सेकंदाला सुमारे २४ ऐवजी २५ चौकटी असल्या तर तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांची तफावत पडते. ती सरकवून मिटत नाही. एजिसबसारख्या संपादकात सर्व वेळा त्या प्रमाणात बदलाव्या लागतात.

शाळांसाठी आमची सूचना अशी. मुक्त परवान्याचा मुक्त किंवा नोटो हा टंक निवडावा. चित्रफीत, एएसएस फाइल व टंक ही तिन्ही एमकेव्ही या एकाच वेष्टनात बांधावीत; या वेष्टनात टंक जोडता येतो आणि संगणकावरील चांगला प्लेअर तो वापरतो. त्याच मजकुराची साधी एसआरटी प्रतही सोबत ठेवावी. ज्या संचावर यांपैकी काहीच चालत नाही, त्यासाठी हँडब्रेकसारख्या साधनाने ओळी चित्रातच कायमच्या मुद्रित कराव्यात. तेथे जुळाऱ्याचे काम आपल्याच संगणकावर पुरे होते आणि कोठल्याही यंत्राला बिघडवायला काही उरत नाही. पण छापलेल्या पानावरील चूक जशी खोडता येत नाही, तशी त्या ओळींतील चूकही दुरुस्त करता येत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी, आणि मुद्रणापूर्वी ती दोघांनी वाचावी.

हा सारा खटाटोप अर्ध्या तासाच्या अभंगासाठी कशाला, असे कोणी विचारील. फळ्यावरील चुकलेले अक्षर आपण तत्काळ पुसतो. आज मुलांच्या दृष्टीस फळ्याहून पडदाच अधिक पडतो. त्यावरील अक्षरांची जबाबदारी यंत्रावर टाकून शिक्षकाला मोकळे होता येणार नाही.