चपळ प्रकल्पव्यवस्थापन (लेखांक ६) : पंधरा मिनिटांची सभा

स्प्रिंट, म्हणजे जास्तीत जास्त एक महिन्याचा कामाचा आखीव टप्पा, कसा ठरवला जातो हे मागील लेखांकात पाहिले. या टप्प्यात रोज भरणाऱ्या छोट्या सभेला स्क्रम या कार्यपद्धतीत ‘डेली स्क्रम’ आणि कार्यालयीन बोलीत ‘स्टँड-अप’ म्हणतात. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम मार्गदर्शिकेने तिला १५ मिनिटांची मर्यादा घातली असून, ती रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी भरावी असे सांगितले आहे. सभा कोणाची, हेही तिथे स्पष्ट आहे : प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची. वरिष्ठांपुढे हजेरी लावण्यासाठी ती नाही, आणि व्यवहारात ती बहुधा इथेच बिघडते.

काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, हे तीन प्रश्न पूर्वी मार्गदर्शिकेतच होते. नियमांचा काच कमी करण्यासाठी २०२० च्या आवृत्तीत ते वगळले गेले, तरी बहुतेक चमूंत ते आजही श्लोकासारखे म्हटले जातात. प्रत्येक जण वरिष्ठाकडे पाहून उत्तरे देतो आणि आपली पाळी संपली की मोबाइल उघडतो. ‘काम चालू आहे, नव्वद टक्के झाले’ या वाक्यातून शेजारच्या सहकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. उलट ‘चाचणीचा सर्व्हर कालपासून बंद आहे, म्हणून पेमेंटचे पान तपासता आलेले नाही, तो सुरू करण्याची परवानगी कोणाकडे आहे?’ असे कोणी विचारले, तर त्याच क्षणी दोघांच्या दिवसाचा क्रम बदलतो आणि सभेचे सार्थक होते.

वेळ ठरवण्याचा प्रश्न पुस्तकांतून एका ओळीत उरकला जातो. विरार पूर्वेच्या फुलपाड्यात राहून अंधेरीच्या कार्यालयात काम करणाऱ्याला मात्र तो रोज भेडसावतो. रिक्षाने विरार स्थानक, तिथून लोकल आणि अंधेरीला उतरून मेट्रो, असा प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीने सकाळी साडेनऊची सभा म्हणजे गर्दीच्या डब्यात कानाला लावलेला फोन, ज्यात ना ऐकू येते ना बोलता येते. (उभे राहिल्याने सभा आटोपती राहते हा ‘स्टँड-अप’ या नावामागचा तर्क, विरारहून उभ्यानेच आलेल्याला तो वेगळा पटवून द्यावा लागत नाही.) ग्राहक अमेरिकेचा असला की गुंता वाढतो. न्यू यॉर्कच्या सकाळी साडेनऊला भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की तीच सभा आठवर जाते, म्हणजे परतीची लोकल सभेच्या आधी पकडायची की नंतर, हे वर्षातून दोनदा नव्याने ठरवावे लागते. अशा चमूने व्यवस्थापकाच्या सोयीऐवजी सर्वांत लांबून येणाऱ्याचे वेळापत्रक प्रमाण मानावे, कारण ज्याला सभेत बोलताच येत नाही त्याची अडचण दुपारपर्यंत कोणाला कळत नाही, आणि तोवर अर्धा दिवस गेलेला असतो.

दुसरा बिघाड लांबलेल्या चर्चेचा. एखाद्या दोषाची उकल तिथेच सुरू झाली की दोघे बोलतात आणि बाकीचे ताटकळतात. म्हणून तो विषय नोंदवून ठेवून, सभा संपल्यावर फक्त संबंधितांनी थांबावे असा रिवाज आहे. चर्चेची बैठक आणि सर्वांची बैठक अशी ही फारकत महाराष्ट्राला अपरिचित नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने, ज्याला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, हीच फारकत फार विचारपूर्वक केली आहे : विषयाचा खल करण्यासाठी अभ्यासगट बसतो, माहिती गोळा करतो, वाद घालतो, परंतु निर्णय घेण्याचा अधिकार त्याला नसतो, तो ग्रामसभेचा, आणि ग्रामसभा बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने ठरवते. अभ्यास आधीच झालेला असल्याने ग्रामसभेत प्रत्येक मुद्दा पहिल्यापासून उगाळावा लागत नाही. सॉफ्टवेअरच्या चमूत अभ्यासगटाचे काम सभेनंतर थांबलेले दोघे-तिघे करतात. अडते ते इतकेच की, त्यांनी काय ठरवले हे दुसऱ्या दिवशी इतरांना सांगायचे राहून जाते, आणि आठवड्याने तोच विषय कोणीतरी पुन्हा काढतो.

मेंढ्याची सर्वसहमती मात्र स्प्रिंटला जशीच्या तशी लागू करता येत नाही. तिथे एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो आणि थांबणे गावाला परवडते. इथे टप्प्याची अखेर आधीच ठरलेली असते. म्हणून काम कसे करायचे हे चमू ठरवतो, तर कोणते काम आधी याचा अखेरचा शब्द प्रॉडक्ट ओनरचा, म्हणजे उत्पादनाच्या मूल्याला जबाबदार असलेल्या व्यक्तीचा असतो. ही व्यक्ती ग्राहकाच्या बाजूची असावी की चमूतली, आणि तिचा शब्द वरिष्ठांनी डावलला तर काय होते, हे पुढील लेखांकात पाहू.