पेन्सिल अजून रिटायर झालेली नाही

फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीट आणि मिनी ड्राफ्टर सांभाळत एसटीत उभं राहताना प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न येतोच: सगळं ऑटोकॅडवर होतं, मग हे हाताने कशाला? प्रश्न बरोबर आहे. १९८२ साली ऑटोकॅड आले आणि पुढे हळूहळू टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर ऑफिसातून गेले. फायनल ड्रॉइंगमध्ये कॉम्प्युटरशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पण त्याच्या आधीचे बरेच काम आजही हाताचेच आहे.

आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. तिथला घाट आपण 'स्वदेस'मध्ये पाहिलाय. समजा, अशा जुन्या वाड्याचा प्लॅन करायचा आहे. खोली काटकोनात असेलच असे नाही. चारही भिंती मोजल्या तरी आकार पक्का होत नाही, कारण त्याच चार बाजूंचे कितीतरी वेगवेगळे चौकोन होतात. एक कर्ण मोजला की दोन त्रिकोण पडतात आणि आकार ठरतो. कुठला कर्ण घ्यायचा, भिंत कुठे फुगलीय, तुळई कुठल्या खांबावर टेकलीय, हे जागेवर कच्चे चित्र काढतानाच लक्षात येते. मापे त्या चित्रावर लिहायची, कॅड नंतर. लेझर स्कॅनर लाखो बिंदू टिपतो खरा. पण मूळची भिंत कुठली आणि मागून घातलेली कुठली, हे आपल्यालाच ओळखावे लागते.

नव्या डिझाइनचेही तसेच. विचार कच्चा असला तरी स्क्रीनवर ड्रॉइंग पक्के दिसते आणि मग ते बदलायचे जिवावर येते. पेन्सिलची रेघ मात्र बिनधास्त खोडता येते. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम करून आले. २०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या इमारतींइतकीच त्यांची हातची स्केचेस आणि चित्रेही प्रसिद्ध आहेत.

आणि साइटवर? मिस्त्रीला जिन्याचं वळण समजावताना लॅपटॉप कोण उघडत बसणार? विटेच्या तुकड्याने भिंतीवर चार रेघा मारल्या की काम सुरू.

मित्रांनो, आपल्या सातारा-सांगलीच्या गावांत जुने वाडे, घरे एकेक करून उतरवली जात आहेत. एकदा घर पाडले की माप घ्यायला भिंतच उरत नाही. तेव्हा या सुट्टीत घरी गेलात की आजोबांच्या घराचा प्लॅन हाताने काढून ठेवा. फक्त कर्ण मोजायला विसरू नका!