सौर टाकीतली उष्णता रात्रभर टिकते का? विकत घेण्याआधी हे मोजा

शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या गच्चीवर आरशांच्या 73 मोठ्या तबकड्या बसवल्या गेल्या. 2009 साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री फारूक अब्दुल्ला यांच्या हस्ते त्या सौर प्रकल्पाचं उद्घाटन झालं. ऊन एकवटून वाफ करायची आणि वाफेवर हजारोंचा स्वयंपाक करायचा, अशी ही सोय.

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यात ऊन भरपूर आहे. पण हिवाळ्यात फजरच्या वजूला गरम पाणी हवं असतं, तेव्हा सूर्य उगवलेला नसतो. म्हणून दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठवावी लागते.

त्याचा एक मार्ग म्हणजे मेण भरलेल्या बंद कॅप्सूल. दिवसा मेण वितळतं आणि उष्णता पोटात घेतं. रात्री गोठताना तीच परत देतं. सौर वीज केंद्रांसाठी मेणाऐवजी जास्त तापमानाला वितळणारे क्षार वापरतात.

साध्या पाण्याच्या टाकीची गळती मोजणं सोपं आहे. रात्री पाणी न काढता तापमान घ्या, पहाटे पुन्हा घ्या. 100 लिटर पाणी 10 अंशांनी उतरलं, तर जवळपास 1.2 युनिट विजेइतकी उष्णता गेली.

मेणाच्या बाबतीत मात्र थर्मामीटर फसवतो. मेण गोठत असताना तापमान जवळपास तेवढंच राहतं. काटा 60 अंशांवरच, पण आतली उष्णता चाललेली! मग मोजायचं कसं? प्रयोगशाळेत कॅप्सूलला विजेचा छोटा हीटर लावतात आणि तापमान स्थिर ठेवायला किती वॅट लागतात ते पाहतात. जेवढी वीज द्यावी लागते, तेवढीच गळती.

समजा, टाकीत 10 किलो मेण आहे. ते वितळताना साधारण 2,000 किलोज्यूल उष्णता साठवतं. गळती 40 वॅट असेल, तर 10 तासांत 1,440 किलोज्यूल उडून जातात. म्हणजे पहाटेपर्यंत पाऊण भाग संपला. बाहेर थंडी जास्त असेल, तर गळतीही जास्त.

म्हणून मशीद, मदरसा किंवा वसतिगृहासाठी अशी टाकी घेताना कमिटीने विक्रेत्याला फक्त "किती लिटर?" विचारून थांबू नये. रात्रभराची गळती किती, ती कोणत्या थंडीत मोजली आणि कशी मोजली, हे लेखी मागा. जमातीचा पैसा आहे, हिशोब पहाटेचाच धरा.