टपालाची चाळण

मुलांनो, गिरणीतून दळण आले की आई किंवा आजी पीठ चाळणीत घालते, हे तुम्ही नित्य पाहता. चाळणी हलू लागली की बारीक पीठ खाली परातीत पडते आणि कोंडा वर राहतो. चाळणी स्वतः काही विचार करीत नाही. विचार केलेला असतो तिची भोके पाडणाऱ्याने. भोके योग्य मापाची असली तर पीठ आणि कोंडा निरनिराळे होतात. ती मोठी असली तर कोंडाही पिठात उतरतो. आज आपण अशाच एका चाळणीची ओळख करून घेणार आहोत. मात्र ती पिठाची नव्हे, टपालाची आहे.

टपाल निवडण्याचे काम तसे जुनेच आहे. डाकघरात भिंतीशी लाकडी खणांची मांडणी असे. कारकून पाकिटावरचा पत्ता वाचून एकेक पत्र ज्या त्या खणात टाकीत. एके काळी तर हे काम धावत्या आगगाडीच्या डब्यातही रात्रभर चाले. परंतु आपल्या देशात भाषा अनेक, लिप्या अनेक आणि एकाच नावाची गावेही अनेक! ही अडचण दूर करण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. तो ज्यांच्या कल्पनेतून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी असून संस्कृतचे कवीही होते. पिनकोडचा पहिला अंक मोठा विभाग दाखवितो, पहिले तीन अंक मिळून छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक नेमके डाकघर सांगतात. पाकीट न फोडता, केवळ वरची खूण पाहून पत्र योग्य खणात जाते, हे त्यातील मर्म होय.

संगणकावरून जाणाऱ्या पत्रास आपण ईमेल म्हणतो. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे जाळ्यातून पहिले असे पत्र पाठविले. पुढे हे टपाल इतके स्वस्त आणि सोपे झाले की पत्रांचा नुसता पाऊस पडू लागला. कामाचे पत्र, मित्राचे पत्र, बँकेची सूचना आणि दुकानदाराची जाहिरात ही सारी एकाच पेटीत येऊन पडतात. त्या ढिगातून हवे ते पत्र शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणेच होय.

यावर जो उपाय निघाला त्याचे नावच मुळी ‘सिव्ह’, म्हणजे चाळणी, असे आहे. सिव्ह ही संगणकाला आज्ञा देण्याची एक लहानशी भाषा आहे. तिचे नियम सांगणारे टिम शोवॉल्टर यांचे पत्रक जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जानेवारी २००८ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली.

या भाषेची रचना ‘जर’ आणि ‘तर’ या दोन शब्दांवर उभी आहे. ‘जर पाठविणाऱ्याचा पत्ता शिक्षण कार्यालयाचा असेल, तर पत्र शासकीय या खणात टाक.’ ‘जर विषयाच्या ओळीत सहल हा शब्द असेल, तर पत्र सहलीच्या खणात टाक.’ असे नियम एकाखाली एक लिहावयाचे. पत्र येताच संगणक ते नियम वरून खाली क्रमाने पडताळून पाहतो. विशेष हे की, मूळची सिव्ह पत्रातील मजकूर वाचीत नाही. पाठविणारा, घेणारा, विषय अशा शीर्षकाच्या ओळी आणि पत्राचे आकारमान एवढेच ती पाहते. पिनकोडप्रमाणेच हेही पाकिटाबाहेरून केलेले काम आहे.

ही चाळणी आपल्या घरच्या संगणकावर नसते. आपले टपाल ज्या दूरच्या मुख्य संगणकावर प्रथम येते, त्या सर्व्हरवर ती असते. यात मोठी सोय आहे. घरचा संगणक बंद असला, तुम्ही झोपेत असलात, तरी निवड चालूच राहते. सकाळी भ्रमणध्वनीवर पाहा किंवा शाळेच्या संगणकावर पाहा, पत्रे आधीच ज्या त्या खणात लागलेली दिसतात.

परंतु एकाच सर्व्हरवर हजारो लोकांच्या पेट्या असतात. प्रत्येकाला तेथे हव्या त्या आज्ञा देऊ दिल्या, तर एखाद्याच्या चुकीने साऱ्यांचे काम अडेल. म्हणून मूळ सिव्हमध्ये एकच काम पुनःपुन्हा करीत राहण्याची आज्ञा मुद्दामच ठेवलेली नाही; बाहेरचा दुसरा कार्यक्रम चालविण्याची मुभाही तिला नाही. तिची शक्ती थोडी ठेवली, म्हणूनच ती विश्वासाने प्रत्येकाच्या हाती देता येते.

सिव्हच्या मुख्य आज्ञा चार. पत्र पेटीत ठेवणे, ठरावीक खणात टाकणे, दुसऱ्या पत्त्यावर पाठविणे आणि टाकून देणे. एकही नियम लागू पडला नाही, तर पत्र मुख्य पेटीत जसेच्या तसे राहते. नियमांत चूक निघून काम मध्येच थांबले, तरीही पत्र पेटीतच ठेवावे, असा दंडक आहे. शंका आली तर पत्र राखावे, गमावू नये, हे या भाषेचे शहाणपण होय.

हे शहाणपण मी मात्र एकदा विसरलो होतो. मुख्याध्यापकपदाच्या शेवटच्या वर्षांत शाळेच्या पेटीत दुकानदारांच्या जाहिरातींचा सुळसुळाट झाला. ‘भरघोस सवलत’, ‘दिवाळीची सवलत’ असली पत्रे रोज येत. कंटाळून मी एक नियम लिहिला: ‘जर विषयात सवलत हा शब्द आढळला, तर पत्र टाकून दे.’ पेटी स्वच्छ झाली आणि मी स्वतःवरच खूष झालो.

महिन्याभराने आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेत आली. महाविद्यालयात अर्ज करण्यासाठी तिला माझ्या सहीचा दाखला हवा होता. तिने दोनदा पत्र पाठविले होते आणि उत्तराची वाट पाहत ती थांबली होती. पत्राचा विषय होता, ‘शुल्कसवलतीसाठी दाखला मिळणेबाबत’. माझ्या चाळणीने त्यातील ‘सवलत’ एवढाच भाग पाहिला आणि आज्ञेप्रमाणे दोन्ही पत्रे टाकून दिली. टाकून देण्याच्या आज्ञेचा स्वभाव असा की, ती पाठविणाऱ्याला काहीच कळवीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. अर्जाची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. त्या सत्राचे शुल्क तिच्या वडिलांना उसनवारी करून भरावे लागले. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. “सर, पत्र मिळाले नसेल,” एवढेच म्हणाली. सुक्याबरोबर ओलेही जळते म्हणतात, ते येथे माझ्याच हातून घडले होते.

त्याच सायंकाळी मी नियम बदलला. विषयात ‘सवलत’ असेल आणि ‘शुल्क’ किंवा ‘दाखला’ हे शब्द नसतील, तरच पत्र मुख्य पेटीतून बाजूला जावे, अशी अट घातली. बाजूला काढलेले पत्रही टाकून न देता ‘संशयित’ या खणात ठेवण्यास सांगितले. पाठविणाऱ्याचे नाव कोणालाही खोटे लिहिता येते आणि विषयाची ओळ कोणीही कशीही लिहितो. तेव्हा केवळ शीर्षकावरून पत्राचा कायमचा निकाल लावणे धोक्याचे असते.

मुलांनो, उद्या तुम्हीही यंत्रांना अनेक आज्ञा द्याल. यंत्र आज्ञा तंतोतंत पाळते. आज्ञेमागचा हेतू ओळखणे त्याला साधत नाही. म्हणून आज्ञा लिहिताना, ‘हिच्यामुळे कोणाचे पत्र चुकून अडेल?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा. आजी चाळून झाल्यावर वरचा कोंडा फेकण्यापूर्वी तो एकदा बोटांनी चाळवून पाहते. मीही आता दर शनिवारी ‘संशयित’ खण उघडतो. बहुतेक वेळा तेथे कोंडाच असतो. पण कधीतरी एखादे कामाचे पत्र सापडते, आणि मी त्याला त्याच दिवशी उत्तर देतो.