मधुमेह्याचा उपवास

रक्तातील साखर उतरविणारे इन्सुलिन १९२२ साली टोरांटो येथे प्रथमच मधुमेही रुग्णास टोचण्यात आले. परंतु रोगी जेवला आहे किंवा नाही, हे औषधास कळत नाही. एकादशीस अथवा रमजानात इन्सुलिनची किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीची नेहमीची मात्रा घेऊन अन्न वर्ज्य केले, तर साखर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमांच्याही खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. घरची माणसे त्यास उपवासाचा थकवा समजतात! रोगी शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ पाजावी व १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासावे. बेशुद्धाच्या मुखात मात्र काहीही न घालता त्यास रुग्णालयात न्यावे.

फराळाचा साबुदाणा याच्या उलट वागतो. तो बहुतांशी पिष्टच असल्याने साखर झपाट्याने चढवितो.

केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास साखर उतरण्याचे भय अल्प असते. इतरांनी उपवासापूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी. ती आपल्या मताने बंद करू नये. ज्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन निर्माणच होत नाही, त्यांना निराहार असतानाही थोडे इन्सुलिन लागतेच.