वाचणे आणि उमजणे

चरीच्या शेतकऱ्यांचा संप ठाऊक नाही असा मनुष्य अलिबाग तालुक्यात विरळा. १९३३ पासून सुमारे सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. त्या काळी खोत कबुलायत लिहून घेई आणि निरक्षर कूळ खाली अंगठा उठवी. आज आमची मुले शाळेत जातात, झोकात सही करतात. पण सही करता येणे म्हणजे कागद कळणे नव्हे. हा धडा आम्ही स्वतः किंमत मोजून शिकलो.

तरुणपणी आम्ही एका कारखान्यात कंत्राटी कामगार होतो. कराराच्या वेळी साहेब तोंडाने म्हणाले, ‘सहा महिन्यांनी सर्वांना कायम करू.’ आम्ही कागद वाचून सही केली. पुढे भांडायला गेलो, तेव्हा कागदावर निघाले : ‘कायम करण्याचा विचार केला जाईल.’ डोळे अक्षरांवर होते. मन साहेबांच्या शब्दांवर. दोन शब्दांपायी किती घरांची चूल अडली, ते आम्ही पाहिले आहे.

शिष्यवृत्ती परीक्षेत उतारा देऊन प्रश्न विचारतात. ‘पोर घडाघडा वाचते, मग गुण का जातात?’ असे आईबाप विचारतात. घडाघडा वाचणे हीदेखील आज लहान गोष्ट नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांमधील पाचवीच्या शंभरांपैकी सुमारे ४५ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. परंतु ती पहिली पायरी झाली. दुसरी कोणती, ते आपल्या खारपट्टीतीलच उदाहरणाने पाहू.

‘पौर्णिमेला व अमावास्येला भरतीचे पाणी अधिक चढते. म्हणून त्या रात्री गावकरी बांधावर पहारा ठेवतात.’

पाणी केव्हा अधिक चढते? याचे उत्तर उताऱ्यातच आहे. त्यावर बोट ठेवता येते. पहारा कशासाठी? हे लिहिलेले नाही. पण बांध फुटला तर शेतात खारे पाणी शिरेल, हे मुलाने ताडले पाहिजे. येथे घरचे ज्ञान उपयोगी पडते. आता तिसरा प्रश्न : उताऱ्यात उधाणाचा कोणता परिणाम सांगितला आहे? पर्यायांत ‘मासळी अधिक मिळते’ असे असेल, तर कोळ्याचा मुलगा चटकन तोच निवडील, कारण बापाच्या तोंडून त्याने ते ऐकलेले असते. ते खरेही असेल. पण उताऱ्यात नाही. मला काय ठाऊक आहे आणि कागद काय सांगतो, यांतील फरक ओळखणे हेच आकलन. आमची चूक नेमकी हीच होती.

ही नजर परीक्षेच्या आदल्या महिन्यात गाईड पाठ करून येत नाही. तिला रोजची सवय लागते. संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. ते घ्यावे, नाहीतर वर्तमानपत्रातील एखादी बातमी चालेल. वाचून झाल्यावर मुलाने ते आगरी, कोळी, जी घरची बोली असेल तीत सांगावे. बोलीत सांगता आले, तर ते उमजले असे समजावे. बोलीला हसू नये; हसलात की मूल समजून घेण्याचे सोडून पाठ करू लागते. आईला वाचता येत नसले तरी अडत नाही. मासळी निवडतानिवडता तिने एवढेच विचारावे : ‘हे कुठं लिहिलंय, दाखव.’ मुलाने त्या ओळीवर बोट ठेवावे.

आज ते बोट उताऱ्यावर फिरेल. उद्या तेच बोट करारावर, कर्जरोख्यावर, सातबाऱ्यावर फिरेल आणि सही करण्यापूर्वी एका शब्दापाशी थांबेल. त्या थांबण्यासाठीच हा सारा खटाटोप.